दादाचं ‘थांबावे’

शनिवार, तेरा जानेवारी. काम : दादाची खोली रिकामी करणे.

खोली कर्वेनगरला, आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर, भाड्याची. मालकांना महिनाअखेर ताबा हवा होता आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणून सकाळी नऊलाच मी झाडू, पोती आणि सुतळी घेऊन खाली उतरले. कपडे एका पोत्यात, भांडी दुसऱ्यात, रद्दी दाराबाहेर. भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशीची, रविवारची वेळ दिलेली होती. गेलेल्या माणसाच्या वस्तू मांडीवर घेऊन बसून राहणं मला जमत नाही. मी भोसरीच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते. एखाद्या खात्याकडून मागणी आली की माल शोधायचा, आणायचा, पोचवायचा आणि मागणी बंद करायची, हे माझं रोजचं काम. उघडी राहिलेली मागणी मला दाताखाली आलेल्या खड्यासारखी वाटते. ही सवय सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते तिच्यामुळेच घडलं.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ श्रीकांत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. मी तेव्हा कारखान्यात होते. बेअरिंग उशिरा पाठवणाऱ्या एका पुरवठादाराला फोनवर झापत होते. मध्ये मध्ये सोसायटीच्या वॉचमनचा फोन येत होता. मी तो दोनदा कापला. पुरवठादाराकडून तारीख वदवून घेतली, लिहून ठेवली आणि मग वॉचमनला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, दादा खुर्चीतनं उठंनात. शेजारच्या काकांनी रिक्षातनं दवाखान्यात न्हेलंय.” मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही दहा मिनिटं आधी आला असतात तरी काही फरक पडला नसता. ते खरंच असणार. पण त्या दहा मिनिटांत मी बेअरिंगची तारीख घेत होते, हेही खरं आहे. पुढचा महिनाभर मला वाटत होतं, की लाज वाटण्यासारखं मी केलं ते एवढंच...

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. लग्न केलं नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात तो दाब आणि तापमान दाखवणारी मीटर दुरुस्त करायचा. हात असा, की कारखान्यातले इंजिनिअर त्याला बाजूला घेऊन विचारायचे. शाळेत असतानाच त्याने बुधवार पेठेतून सुटे भाग आणून रेडिओ जोडला होता. त्या रेडिओवर काय ऐकलं ते मला आठवत नाही. आठवतं ते हे, की एक भाग मिळेना म्हणून तो चार महिने टेबलावर उघडाच पडून होता. बाबा म्हणायचे, “दुसरा कुठला तरी घाल आणि लाव एकदाचा.” दादा म्हणायचा, “येणार आहे पुढच्या महिन्यात. दुकानदार म्हणालाय.” त्या चार महिन्यांत तो रोज संध्याकाळी त्या उघड्या रेडिओपुढे बसायचा आणि मला, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलीला, कुठली तार कुठे जाणार ते बोटाने दाखवायचा. शेवटी भाग आला, रेडिओ बोलायला लागला, त्याला झाकण बसलं, आणि मला चक्क वाईट वाटलं. ही आठवण माझ्याकडे होती. तिचा उपयोग मी वेळेवर केला नाही.

पुढे रेडिओ मागे पडला आणि संगणक आला. सुटे भाग आणून संगणक जोडायचे, हा दादाचा सुट्टीचा उद्योग झाला. मला नोकरी लागली तेव्हा आमच्या खात्यात संगणक नुकते आले होते आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दादाने पंधरा दिवसांत एक संगणक जोडून घरी आणून ठेवला आणि रोज संध्याकाळी मला शिकवलं. झाकण लावण्याआधी प्रत्येक यंत्राच्या पोटात एक चिठ्ठी चिकटवायची त्याची पद्धत होती. कुणासाठी आणि कशानिमित्त, एवढंच त्यावर लिहायचा. माझ्या संगणकात ‘वंदूसाठी, नोकरी लागली म्हणून’ अशी चिठ्ठी होती. मी म्हटलं, “आत कोण वाचणार आहे?” तो म्हणाला, “पुढे जो उघडेल तो.” आणखी एक त्याचं होतं. ज्याच्या हातून स्क्रूचं डोकं खराब होतं त्या माणसाला तो माणसात धरायचा नाही. “घाई,” म्हणायचा. “दुसरं काही नाही. घाई.”

सात वर्षांपूर्वी त्याचा स्वतःचा संगणक बंद पडला. तेव्हा तो निवृत्त झालेला होता, वेळ होता, हौस होती. आठ दिवसांत नवीन उभा राहील असं आम्हाला वाटलं. दादाने एक रिकामा कॅबिनेट आणला, म्हणजे ज्यात सगळे भाग बसवतात तो पत्र्याचा खोका, आणि मग तो थांबला. का थांबला, ते त्याने मला निदान वीस वेळा समजावून सांगितलं. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट मदरबोर्डवर असतं. कंपन्या काही वर्षांनी सॉकेट बदलतात, आणि बदललं की नवा प्रोसेसर जुन्या बोर्डवर बसत नाही. मग बोर्ड बदला, बोर्डबरोबर रॅम बदला, म्हणजे सगळंच बदला. “जुन्या सॉकेटच्या शेवटच्या वर्षी घेणारा माणूस म्हणजे शेवटच्या स्टॉपला बसमध्ये चढणारा माणूस,” दादा म्हणायचा. “तिकीट काढायचं आणि उतरायचं.” नवीन सॉकेट आलं, त्याच्या पहिल्या वर्षात चांगला बोर्ड घेतला, की पुढचे दोन-तीन प्रोसेसर त्याच बोर्डवर चालतात. म्हणून थांबायचं. मी म्हणायचे, “दादा, तोवर तू काय वापरणार?” तो म्हणायचा, “तोवर थांबणं वापरणार.”

दर शनिवारी अकरा वाजता तो बसने बुधवार पेठेत जायचा. तिथे इक्बालभाईंचं दुकान. त्यांच्या आजोबांनी तिथे ग्रामोफोन दुरुस्त केले, वडिलांनी रेडिओ, आणि इक्बालभाई संगणकाचे भाग विकतात. दोघांचं सूत जमलेलं होतं. जगात कुठे कुठल्या प्रोसेसरची बातमी फुटली, कुठल्या बोर्डची छायाचित्रं बाहेर आली, तैवानच्या प्रदर्शनात काय मांडणार, यावर हे दोघं दुपारी दोनपर्यंत बोलायचे. दादा दोन मोठ्या कंपन्यांना ‘निळे’ आणि ‘तांबडे’ म्हणायचा, जणू शाळेतल्या कबड्डीच्या टीम. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, बाजारात मालही नाही, तरी शनिवारी अकराला दोघांचा फोन सुरू. हे सगळं तो एका जाड वहीत उतरवायचा. तीन रकाने. काय येतंय, कसं असेल, निर्णय. निर्णयाच्या रकान्यात दर आठवड्याला एकच शब्द : ‘थांबावे’.

शनिवारी संध्याकाळचं जेवण तो आमच्याकडे जेवायचा. पहिला घास घ्यायच्या आधी बातमी. “वंदू, निळे सॉकेट बदलणार. पक्कं.”

“मग आता काय?”

“आता काय, थांबायचं.”

“आमच्याकडे एखादा सुपरवायझर असा वागला असता ना, तर मी त्याची मागणी रद्द करून टाकली असती.”

माझे यजमान सुधीर यांना यात फार गंमत वाटायची. एकदा त्यांनी विचारलं, “दादा, तुमचं लग्न राहिलं ते याच कारणाने का हो? पुढचं मॉडेल येतंय म्हणून?” दादा भात कालवता कालवता म्हणाला, “तिथे बोर्ड बदलायची सोय नाही हो सुधीरराव. म्हणून जरा जास्तच थांबलो.” आम्ही सगळेच हसलो. पण मी नुसती हसून थांबत नव्हते. मी कारखान्यात डबा खाताना हे किस्से सांगायचे. ‘आमचे थांबावे’ असं मी त्याला नाव ठेवलं होतं आणि माझ्या विभागात ते रूढ झालं होतं. एखादा माणूस निर्णय घेईना की आम्ही म्हणायचो, याचंही ‘थांबावे’ झालंय. हे दादाला माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटतं.

याच काळात त्याचा हात थरथरायला लागला होता. आधी उजवा, मग दोन्ही. चहाचा कप बशीत वाजायचा. मी ते पाहिलं आणि लगेच उपाय केला. झाकणाचा, जाड कानाचा मग आणून दिला. दाढीसाठी मशीन आणून दिलं. सदऱ्याच्या बटणांना त्रास होतो म्हणाला, तर बिनबटणांचे टी-शर्ट आणले. डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या, गोळ्यांची सात खणांची डबी आणली. मागणी आली, माल पोचवला. त्या हातांचं त्याला स्वतःला काय वाटतं, हे मी विचारलं नाही. त्याने कधी मागणी नोंदवली नव्हती.

मग ती भाऊबीज. तो गेला त्याच्या आदल्या वर्षीची. दिवाळीच्या आधी आठवडाभर दादा फार खुशीत होता, काहीतरी सांगायचं राखून ठेवलेल्या माणसासारखा. मला वाटलं, दिवाळी आहे म्हणून. मी माझ्या कामात होते, कारण मीही एक गोष्ट राखून ठेवली होती. ओवाळून झालं, त्याने ताटात ओवाळणी घातली, आणि मी म्हटलं, “आता माझी.” सुधीरनी खोका आणून पुढ्यात ठेवला. नवाकोरा, तयार संगणक. पुस्तकाएवढा. आमच्या कारखान्यात तसे वीस घेतले होते आणि एकाचीही तक्रार नव्हती. आत सगळं कंपनीतूनच डकवून आलेलं. लावायचा आणि चालू करायचा. मी म्हटलं, “घे. सहा वर्षांची तुझी मागणी आज बंद.”

दादाने तो दोन्ही हातांनी उचलला. हात थरथरत होते म्हणून मांडीवर टेकवला. मग उलटा केला आणि खालची बाजू बोटांनी चाचपली.

“स्क्रू कुठे आहेत गं?”

“नाहीतच. उघडायची भानगडच नाही.”

“प्रोसेसर...?”

“डकवलेला आहे आत. बदलायचा नाही, काढायचा नाही. नो टेन्शन.”

त्याने संगणक परत सरळ केला. मग म्हणाला, “छान आहे. जागा कमी लागेल.” आणि माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात मला काही खोट दिसली नाही. मी बघतही नव्हते म्हणा. जिलबी वाढत होते.

त्यानंतर दादाने शनिवारचं जाणं बंद केलं. विचारलं तर म्हणाला, बसची पायरी चढवत नाही. प्रोसेसरचं नावही त्याने परत काढलं नाही. जेवायला यायचा, सुधीरशी क्रिकेटवर बोलायचा, लवकर उठून जायचा. खोलीत गेलं की तो छोटा संगणक टेबलावर दिसायचा, जुन्या सदऱ्याच्या कापडाचं कव्हर घातलेला. मला वाटलं, सुटला बिचारा. कारखान्यात मी हे यशाची गोष्ट म्हणून सांगितलं. “बघा, सहा वर्षांचं ‘थांबावे’ एका दिवसात निकालात काढलं.” मला टाळ्या मिळाल्या... हे लिहिताना कान तापतात, पण ते तसंच झालं होतं.

गेल्या नोव्हेंबरात त्याची शेवटची भाऊबीज झाली. ओवाळताना निरांजनाचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता आणि चेहरा बारीक झालेला मला दिसला. मी म्हटलं, “दादा, जेवत जा नीट.” तो म्हणाला, “हो.” शेवटचं लक्षात राहण्यासारखं आमचं बोलणं एवढंच.

तर, तेरा जानेवारी. कपडे, भांडी, रद्दी आटोपली आणि मी स्टुलावर चढून माळा बघितला. माळ्यावर चादरीत गुंडाळलेला तो रिकामा कॅबिनेट होता. खाली उतरवला, झाकण काढलं. आत धुळीचा कण नव्हता. तळाशी गोळ्यांच्या रिकाम्या डब्या नीट ओळीने ठेवलेल्या आणि प्रत्येकीवर कागदाची पट्टी. ‘बोर्डचे स्क्रू’. ‘पंख्याचे’. ‘वॉशर’. सगळं मोजून, पुसून, तयार. शेवटच्या डबीत एकच बारीक स्क्रू होता, त्याच्या डोक्यावरची फुली पार झिजून गेलेली. पट्टीवर लिहिलं होतं, ‘माझ्या हातून खराब’. हा कुठला ते मला कळलं नाही. डब्यांच्या शेजारी वही होती.

वही मी उभ्यानेच चाळली. पानामागून पान ‘थांबावे’. मग त्या आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आधीचा शनिवार. तांबड्यांचं नवीन सॉकेट आलेलं, कंपनी ते बरीच वर्षं ठेवणार असल्याची नोंद, बोर्डचं नाव, प्रोसेसरचं नाव. आणि निर्णयाच्या रकान्यात, खाली दोन रेघा मारून : ‘घ्यावे’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘इ. भाईंना बोर्ड सांगितले. भाऊबीजेला वंदूला सांगणे’.

पुढची नोंद भाऊबीजेची. तीन रकाने सोडून आडवी लिहिलेली. ‘वंदूने संगणक आणला. चांगला आहे.’

त्यानंतर काही नाही. पण पानं नुसती कोरी नव्हती. पुढच्या पूर्ण वर्षाचे रकाने त्याने आधीच आखून ठेवलेले होते, पट्टीने, पेन्सिलने, आणि डाव्या बाजूला शनिवारच्या तारखा घातलेल्या. म्हणजे ‘घ्यावे’ लिहिल्यावरही त्याचं थांबणं संपणार नव्हतं. पुढच्या प्रोसेसरची वाट तो बघणारच होता. सगळे शनिवार रिकामे.

मी पोती तशीच टाकली, वही पिशवीत घातली आणि रिक्षाने बुधवार पेठेत गेले.

इक्बालभाईंना मी पूर्वी दोनदाच पाहिलं होतं. दुकान जिन्याखालून आत गेल्यावर, दहा बाय दहाचं. ते एका गिऱ्हाइकाला समजावत होते. मी वही काउंटरवर ठेवली. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, “साहेब, तुम्ही पुढच्या शनिवारी या. तसंही आत्ता घेण्यात अर्थ नाही.” तो गेला. मग म्हणाले, “श्रीकांतरावांची वही तुमच्याकडे कशी आली, ताई?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या माणसाला कुणी कळवलेलंच नाही. दादाच्या मृत्यूनंतर मी तासाभरात यादी केली होती. नातेवाईक, बँक, पेन्शन, गॅस, सोसायटी. इतक्या वर्षांतले शनिवार ज्याच्याबरोबर गेले, तो यादीत नव्हता. मी सांगितलं. ते स्टुलावर बसले. बराच वेळ काउंटरवरची धूळ तळहाताने एका बाजूला सारत राहिले.

“मला वाटत होतं, रागावलेत,” ते म्हणाले. “राग उतरला की येतील. मी थांबलो होतो.”

“रागावले? कशावरून?”

“तुमच्यावरून.” मग जरा अवघडून म्हणाले, “सांगू का नको... सांगतो. भाऊबीजेनंतरच्या शनिवारी आले. म्हणाले, बोर्ड विकून टाका इक्बालभाई, बहिणीने संगणक आणलाय. मी विचारलं, कुठला? त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, अहो, तो काय संगणक आहे? डबा आहे तो डबा. सहा वर्षं थांबून डबा घेतलात?” इक्बालभाई थांबले. “ते म्हणाले, माझ्या बहिणीने आणलाय, डबा म्हणायचं नाही. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आमची जीभ पुण्याची. मी म्हणालो, बहिणीला कळत नसेल, तुम्हाला तर कळतं! तर उठले. चहा अर्धा होता. छत्री घेतली आणि म्हणाले, तिला माझं कळतं तेवढं तुम्हालाही कळत नाही. आणि गेले. एवढ्या वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता हो त्यांनी...”

डबाच होता तो.

मी विचारलं, “मग त्यांनी तो बोर्ड तरीही का नाही घेतला? दोन असते तर काय बिघडत होतं?”

“मीही तेच म्हणालो ना आधी. म्हणाले, नको. तिला वाटेल तिचा आवडला नाही.” मग त्यांनी मागच्या फळीवरून एक जुना, मेलेला बोर्ड काढून माझ्यापुढे ठेवला. “हे बघा, ताई. पूर्वी या टाचण्या प्रोसेसरला असायच्या. आता बोर्डात असतात. केसाएवढ्या. शेकड्यांनी. प्रोसेसर वरून अलगद सोडायचा. हात हलला, एक टाचणी वाकली, की बोर्ड गेला. श्रीकांतरावांचे हात तुम्ही पाहिलेत. मी म्हणालो, इथे दुकानात मी बसवून देतो, तुम्ही फक्त झाकण लावा. म्हणाले, नाही. दोनदा बसवायचं आता मला जमणार नाही, एकदाच जमेल. मीच बसवणार. म्हणून जे एकदा बसवायचं ते बरोबर असू दे. त्यासाठीच थांबले होते ते. हात आणखी बिघडायच्या आत चांगलं सॉकेट यावं, म्हणून दर शनिवारी यायचे. मला विचारायचे, आधी काय होईल, इक्बालभाई? सॉकेट येईल का हात जातील?”

मी त्या टाचण्यांकडे बघत राहिले. मगाला झाकण असावं हे मला सुचलं होतं. हे सुचलं नव्हतं.

“बोर्ड?” मी विचारलं.

“महिनाभर ठेवला. मग विकला. दुकान आहे, ताई.” मग म्हणाले, “अंदाज मात्र त्यांचा अगदी बरोबर निघाला. त्याच सॉकेटवर पुढचा प्रोसेसर येतोय. त्यांनी सांगितलेला बोर्डच चालेल. ऐकून खूश झाले असते.” निघताना त्यांनी वही माझ्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. “माझंही एक चुकलंच,” ते म्हणाले. “फोन तर करता आला असता.” मी म्हटलं, “मलाही.” दोघांनीही एकमेकांची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही, हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी परत खाली गेले. भंगारवाल्याला फोन करून सांगितलं, आज नको. मग दादाच्या टेबलाशी बसले, संगणकाचं कव्हर काढलं आणि दादाने केला होता तसा तो उलटा केला. खाली चार रबरी पाय. बोटांनी चाचपले. पाय कडेने किंचित उचललेले होते, कुणीतरी काढून परत चिकटवल्यासारखे. मी नख घालून एक सोलला. खाली स्क्रू होता.

म्हणजे स्क्रू होते. मी नाहीत म्हणून सांगितलं होतं, आणि दादाने ते शोधले होते. त्याच्याच पेचकसाने मी काढायला लागले. प्रत्येक स्क्रूभोवतीच्या प्लॅस्टिकवर ओरखडे होते, पेचकस निसटून निसटून उमटलेले, किती वेळा ते मोजता येत नव्हतं. चौथ्या पायाखालचं भोक रिकामं होतं. त्या जागेचा स्क्रू कॅबिनेटमध्ये, डबीत होता, पट्टी लावून.

झाकण उघडलं. आत सगळं डकवलेलंच, मी म्हटलं होतं तसं. बदलण्यासारखं काही नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर इतकं वाकडंतिकडं, की आधी मला ते दादाचं वाटलंच नाही. ‘वंदूकडून, भाऊबीज म्हणून.’

मी आतली थोडी धूळ फुंकली. झाकण लावलं. तीन स्क्रू बसवले, घट्ट पण जास्त नाही, तो शिकवायचा तसे. चौथं भोक तसंच ठेवलं. पाय चिकटवले. सगळ्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. पेचकस एकदाही निसटला नाही. माझे हात अगदी स्थिर आहेत.